अपकीर्तीचे आयुष्य

मनुष्य मरतो, त्याचे कर्म फलरूपाने मागे उरते, आणि ते फल भोगून संपले म्हणजे कर्मही क्षीण होते, अशी आपल्या विचारपरंपरेची सर्वसामान्य धारणा आहे. परंतु भाषेच्या दप्तरात काही नोंदी अशा आढळतात की ज्यांच्या भोगाला मुदत म्हणून ठरलेली नाही. एखाद्या राजकीय दुष्कृत्याला नाव द्यावयाची वेळ येते तेव्हा जो कोणी सत्तेच्या आसनावर बसलेला असेल त्याचे नाव त्या दुष्कृत्यास जडते, आणि मग ते दुष्कृत्य जगात जोवर घडत राहील तोवर त्या मृत मनुष्याला त्याची साक्ष देत उभे राहावे लागते. हा न्याय आहे काय, आणि असल्यास कोणत्या अर्थाने, हा प्रश्न केवळ कोशकारांचा नव्हे. पाप, अनुताप आणि शिक्षेची मर्यादा यांच्याशी त्याचा संबंध असल्यामुळे तो धर्मचिंतनाच्या कक्षेत येतो. इंग्रजीतील ‘जेरीमँडर’ या शब्दाचा जन्मवृत्तांत या विचाराला फार उपकारक आहे, कारण त्यात मनुष्याचे नाव आणि अग्नीत राहूनही न जळणाऱ्या प्राण्याचे नाव ही दोन एकत्र आली आहेत.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर एलब्रिज गेरी याने 11 फेब्रुवारी 1812 रोजी एका कायद्यावर मंजुरीची सही केली. संस्थानाच्या सिनेटसाठी मतदारसंघ नव्याने आखण्याचा तो कायदा होता. परगण्यांच्या जुन्या सरहद्दी सांभाळूनच मतदारसंघ पाडावेत असा तोवरचा शिरस्ता. परंतु विधिमंडळात बहुमत असलेल्या गेरीच्या रिपब्लिकन पक्षाने तो मोडला, आणि प्रतिस्पर्धी फेडरलिस्टांची मते काही थोड्या मतदारसंघांत कोंबून टाकावी व उरलेली अशी विखरून द्यावी की ती कोठेही पुरेशी ठरू नयेत, या हिशेबाने नव्या रेषा ओढल्या. पुढे निवडणूक झाली तेव्हा या हिशेबाचे फळ पदरात पडले: फेडरलिस्ट उमेदवारांना 51,766 मते मिळाली व त्यांचे 11 सिनेटर निवडून आले, रिपब्लिकनांना 50,164 मते मिळाली व त्यांचे 29 सिनेटर निवडून आले. कोणाचे मत चोरले गेले नाही, कोणाला मतपेटीपाशी अडविले नाही, एकही दस्तऐवज खोटा केला नाही. सारे काही कायद्याने झाले, आणि तरीही मुलखाने जे सांगितले त्याच्या उलट सभागृहात घडले. अन्यायाने कायद्याची वस्त्रे परिधान केली म्हणजे त्याला ओळखण्यासाठी एका नव्या शब्दाची गरज भासते, आणि तो शब्द मिळण्यास फार दिवस लागले नाहीत.

एसेक्स परगण्यातील एक मतदारसंघ चेल्सीपासून निघून समुद्रकाठाने वळसा घेत आणि आतल्या गावांना कवेत घेत उत्तरेस सॉल्झबरीपर्यंत एखाद्या वाकड्या पट्ट्यासारखा पसरला होता. 26 मार्च 1812 च्या ‘बॉस्टन गॅझेट’मध्ये त्या नकाशाला पंख, नखे आणि सर्पाचे मुख जोडून काढलेले चित्र प्रसिद्ध झाले, ते एल्काना टिस्डेल या चित्रकाराचे मानले जाते. हा प्राणी सॅलमँडर दिसतो असे कोणी म्हणाले, आणि दुसऱ्या कोणी त्याला ‘गेरीमँडर’ म्हणावे असे सुचविले, अशी आख्यायिका आहे. चित्रातील त्या राक्षसी देहावर जी गावे लिहिली आहेत त्यांत मार्बलहेडही आहे, आणि मार्बलहेड हे गेरीचे जन्मगाव. ज्या गावाने त्याला जन्म दिला ते गावच त्याच्या अपकीर्तीच्या शरीराचा एक अवयव होऊन बसले. पुढे तर नावाचा ध्वनीही त्याच्या हाती उरला नाही: त्याचे आडनाव गकाराने उच्चारले जात असे, परंतु शब्द लोकांच्या तोंडी जाऊन तेथे जकार रुळला, आणि आज बहुतेक जण ‘जेरीमँडर’ असेच म्हणतात. तो कायदा पुढच्याच वर्षी रद्द झाला. शब्द मात्र कोणाला रद्द करता आला नाही.

आता या नावाचा धनी कोण होता ते पाहिले पाहिजे, कारण शिक्षेचा विचार अपराध्याच्या विचारावाचून होऊ शकत नाही. गेरीचा जन्म 1744 चा. 1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर मॅसॅच्युसेट्सच्या प्रतिनिधींनी केलेल्या सह्यांत त्याची सही आहे. तो लढा फसला असता तर ती सही फाशीची चिठ्ठी ठरली असती. 1787 मध्ये फिलाडेल्फियाच्या घटनासमितीत महिनोन्‌महिने बसून वादविवाद केल्यावर, शेवटच्या दिवशी जे तीन सभासद हजर असूनही सही करण्यास नकार देऊन बाजूला राहिले, त्यांत जॉर्ज मेसन व एडमंड रँडॉल्फ यांच्याबरोबर तिसरा गेरी होता. नव्या सत्तेच्या हाती इतके अधिकार जात असताना नागरिकांच्या हक्कांची सनद त्या लेखात नाही, हे त्याच्या आक्षेपांपैकी एक कारण होते. आणि 1791 मध्ये ती सनद घटनेला जोडली गेली तेव्हा त्या आक्षेपाची यथार्थता इतिहासानेच मान्य केली. म्हणजे सही करण्याचे धैर्य आणि सही न करण्याचे धैर्य, ही दोन्ही या मनुष्यापाशी होती. तिसरी सही 1812 ची. तिच्याविषयी त्याचा जामात आणि चरित्रकार जेम्स ऑस्टिन सांगतो की ती योजना गेरीला मनातून अप्रिय होती. आप्ताची साक्ष म्हणून तिची किंमत थोडी कमी धरली, तरी ती पूर्णपणे नाकारण्याचे कारण दिसत नाही. आणि ती खरी मानली तर अपराध अधिकच सूक्ष्म होतो. ज्याला रेषांतील अन्याय कळला नव्हता अशा मनुष्याने ही सही केली असे नव्हे. नकाराची किंमत आणि नकाराची शक्ती ज्याने पंचवीस वर्षांपूर्वी स्वतः अनुभवली होती, त्याने ती केली.

अशा पापाला आपल्या शास्त्रांनी नेमके स्थान दिले आहे. योगसूत्रांच्या साधनपादात पतंजलींनी हिंसादी दोषांचे स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि अनुमोदिलेले असे तीन भेद सांगितले आहेत, आणि जैन आचारविचारातही करणे, करविणे व अनुमोदणे ही त्रयी तितक्याच काटेकोरपणे पाळली जाते. यांतील तिसरा भेद राज्यकारभाराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा, कारण शासनातील बहुतेक पातके अनुमोदनानेच पुरी होतात. मसुदा दुसरा कोणी लिहितो, बहुमत दुसरे कोणी जमविते, लाभ तिसऱ्याच कोणाच्या घरी जातो. सही करणाऱ्याला वाटते की आपण केवळ शिक्का उमटविला. परंतु तो शिक्का नसता तर पुढचे काहीच घडले नसते, म्हणून अनुमोदन हा पापाचा शेवटचा दुवा असूनही त्याचे बळ पहिल्या दुव्याइतकेच असते. मनातील नापसंती ही येथे दोषमुक्तीचे कारण होत नाही. मनाने एकीकडे आणि हाताने दुसरीकडे जाणे हाच तर अनुमोदनाच्या पापाचा गाभा आहे. पाँटियस पायलेटने हात धुतले, तरी ख्रिस्ती श्रद्धासूत्रात त्याचे नाव शतकानुशतके उच्चारले जाते, ते याच कारणाने. तेव्हा गेरी निर्दोष होता असे मला म्हणावयाचे नाही. तो दोषी होता. प्रश्न दोषाचा नसून मापाचा आहे.

हे माप शोधताना त्या शब्दाच्या उत्तरार्धाकडे वळावे लागते. सॅलमँडर हा खरोखरीचा एक निरुपद्रवी उभयचर प्राणी. परंतु तो अग्नीत राहतो आणि जळत नाही, अशी समजूत ग्रीक-रोमन काळापासून युरोपात चालत आली. पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टीनने आपल्या ‘देवनगरी’ या महाग्रंथात नरकातील शाश्वत शिक्षेचे समर्थन करताना याच प्राण्याचा दाखला घेतला. देह अग्नीत सदैव जळत राहील आणि तरी नष्ट होणार नाही हे कसे संभवते, या आक्षेपाला त्याचे उत्तर असे की निसर्गवेत्त्यांनी नोंदल्याप्रमाणे सॅलमँडर जर अग्नीत जिवंत राहतो, तर जे जे जळते ते ते नाश पावलेच पाहिजे असा नियम कोठे राहिला? बॉस्टनच्या त्या उपहासकर्त्यांच्या मनात हे ईश्वरशास्त्र असेल असे मला म्हणावयाचे नाही. त्यांना केवळ आकाराचे साम्य दिसले. पण भाषेचे संस्कार बोलणाऱ्याच्या हेतूपेक्षा खोल असतात. गेरीचे नाव ज्या प्राण्याशी जोडले गेले तो अनंत शिक्षेचे प्रतीक होऊन राहिलेला प्राणी होता, आणि त्या नावाच्या वाट्यास आले ते नेमके हेच: दोन शतके लोटली, नाव जळत आहे, आणि जळून संपत नाही.

पापाला अंत आहे पण शिक्षेला अंत नाही, ही कल्पना मनुष्याच्या न्यायबुद्धीला सर्वत्र आणि सर्वकाळ मानवली आहे असे नाही. खुद्द ख्रिस्ती परंपरेत ऑरिजेनने अखेरीस सर्व जीवांचे पुनःस्थापन होईल अशी आशा बाळगली होती. आणि दूर जाण्याचे तरी कारण काय? ज्या एसेक्स परगण्याच्या नकाशातून हा शब्द निपजला त्याच परगण्यातील ग्लॉस्टर येथे जॉन मरे हा धर्मोपदेशक 1774 पासून असे प्रतिपादीत होता की ईश्वराची करुणा कोणालाही कायमचे बाहेर ठेवणार नाही. आणि 1805 मध्ये होसिया बॅलूने प्रायश्चित्तावरील आपल्या ग्रंथात याच मताची तर्कशुद्ध मांडणी केली. सांत जीवाने सांत काळात केलेल्या अपराधाला अनंत दंड देणे हे ईश्वराच्या न्यायाशी विसंगत आहे, असा त्या सार्वत्रिक-मुक्तिवाद्यांचा मुख्य आग्रह. न्यू इंग्लंडच्या कठोर कॅल्व्हिनपंथी वातावरणात हा वाद ऐन भरात असतानाच, तेथल्या राजकारणाने एका मनुष्याच्या नावासाठी असा एक नरक निर्माण केला की ज्यातून सुटकेची तरतूदच नव्हती.

आपल्याकडे मध्वाचार्यांच्या द्वैतमतातील काही जीवांना नित्य नरक सांगणारा सिद्धांत वगळला, तर नरक हा सामान्यतः भोगस्थान मानला आहे, निवासस्थान नव्हे. युधिष्ठिराची कथा या दृष्टीने मननीय आहे. जन्मभर सत्याला जपलेल्या त्या राजाने द्रोणाचार्यांना शस्त्र खाली ठेवावयास लावण्यासाठी अश्वत्थाम्याच्या मृत्यूविषयी अर्धसत्य उच्चारले, आणि तोवर भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी भूमीला टेकला. पुढे स्वर्गारोहणाच्या वेळी त्याला काही काळ नरकाचे दर्शन घडविण्यात आले, आणि तेही एका मायेने, कारण त्याचा अपराधही मायेचा होता. महाभारतकाराचे माप किती नेमके आहे पाहा! अपराध झाकला नाही, सत्यनिष्ठेच्या पुण्याईने तो माफही केला नाही. परंतु अपराध जेवढा आणि जसा, दंडही तेवढाच आणि तसाच दिला, आणि तो पुरा होताच कथा पुढे गेली. आज आपण युधिष्ठिराला धर्मराज म्हणतो आणि ते अर्धसत्यही विसरत नाही. दोन्ही एकाच नावात नांदतात. महाकाव्याला हे साधते, कारण त्याच्यापाशी संपूर्ण आयुष्य सांगण्याइतका अवकाश असतो. शब्दापाशी तो नसतो. शब्दाला एकच क्षण धरता येतो, आणि म्हणून शब्दाने दिलेला निकाल नेहमी एकतर्फी असतो.

हा निकाल एकतर्फी असतो त्याहूनही अधिक चिंतेची गोष्ट ही की तो एकाच मनुष्यावर थांबतो. वाल्या कोळ्याची कथा महाराष्ट्राच्या घराघरात सांगितली जाते. आपण आणलेल्या लुटीवर जगणारी बायकामुले आपल्या पापाचीही वाटेकरी होतील काय, हे विचारावयास तो घरी जातो, आणि पापाचा वाटा कोणी घेत नाही असे त्याला कळते. 1812 च्या त्या एकोणतीस सिनेटरांना जागा मिळाल्या, पक्षाला सत्तेचा एक गड मिळाला, मसुदा तयार करणाऱ्यांना आपली करामत फळास आल्याचे समाधान मिळाले. नाव मात्र एकाचेच गेले. त्यांतील एकाचेही नाव आज सामान्य वाचकास ठाऊक नाही. आणि दुसरीकडे, ही युक्ती काही मॅसॅच्युसेट्समध्ये प्रथम जन्मलेली नव्हती: व्हर्जिनियात 1788 मध्ये पॅट्रिक हेन्रीच्या पक्षाने जेम्स मॅडिसनला पाडण्यासाठी मतदारसंघाची आखणी मुद्दाम प्रतिकूल केली असा आरोप झाला होता. मॅडिसन तरीही निवडून आला, पुढे राष्ट्राध्यक्ष झाला, आणि 1813 मध्ये त्याचा उपराष्ट्राध्यक्ष म्हणून शपथ घेतली ती गेरीनेच. तोवर मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी गेरीला गव्हर्नरपदावरून दूर केले होते. म्हणजे लौकिक शिक्षा झाली होती, ती भोगूनही झाली होती. 23 नोव्हेंबर 1814 रोजी वॉशिंग्टनमध्ये, सिनेटच्या कामास निघाला असता, त्याला मृत्यू आला. तेथील त्याच्या समाधिस्तंभावर, जगण्यास एकच दिवस उरला असला तरी तो देशकार्यास द्यावा, या आशयाचे त्याचे स्वतःचे वचन कोरलेले आहे, आणि त्याचा मृत्यू त्या वचनाला साजेसा होता. पण दगडावरील लेख वाचावयास तेथवर जावे लागते. शब्द आपण होऊन सर्वत्र जातो.

मराठी वाचकाला हा प्रकार परका वाटू नये. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि त्या घोर प्रकरणातून ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार आपल्या भाषेत आला. धरावे या शब्दाचे आनंदीबाईंनी मारावे केले ही कथा इतिहासकारांनी जशीच्या तशी स्वीकारलेली नाही. पण वाक्प्रचाराने ती कायम केली आहे. गारदी, त्यांचे सरदार, आणि रामशास्त्री प्रभुणे यांनी ज्यांना अपराधी ठरविले ते रघुनाथराव, असे अनेक हात त्या कृत्यात होते. लोकस्मृतीने मात्र सारा भार एका स्त्रीच्या एका अक्षरावर टाकला. समाजाला सामुदायिक पाप स्मरणात ठेवणे जड जाते. एका नावात ते बांधले की ते सुटसुटीत होते, आणि उरलेले सारे निर्धास्त होतात.

यावर कोणी म्हणेल की मग असे शब्द टाकून द्यावेत काय? मला तसे वाटत नाही. ज्या अन्यायाला नाव नाही त्याच्याविरुद्ध फिर्याद करता येत नाही. 1812 पूर्वीही सीमांचे कपट होते, परंतु ते बोट ठेवून दाखविता येत नव्हते; शब्द जन्मला आणि ते कपट सर्वांना दिसू लागले. 2019 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने असा निर्णय दिला की पक्षीय हेतूने केलेल्या अशा आखणीच्या तक्रारींचा फैसला करणे संघराज्याच्या न्यायालयांच्या अधिकाराबाहेर आहे. मात्र अतिरेकी स्वरूपात ती लोकसत्तेच्या तत्त्वाशी विसंगत आहे, हे त्याच निकालपत्रात मान्य केले. न्यायासन जेथे हात आखडून घेते तेथे लोकांच्या हाती जे थोडे उरते त्यात हा शब्द आहे. तो टाकणे म्हणजे लोकांना निःशस्त्र करणे होय.

ज्या सूत्राचा वर उल्लेख केला त्यात पतंजलींनी दोषांच्या मृदु, मध्य आणि तीव्र अशा पायऱ्या सांगितल्या आहेत आणि त्याचबरोबर त्यांचे फल अनंत दुःख व अनंत अज्ञान हे आहे असेही म्हटले आहे. एकीकडे माप, दुसरीकडे अनंतता, हा विरोध वरवरचा आहे असे मला वाटते. अपराध्याचा दोष मापाचाच असतो. अनंत असते ती कृत्यातून सुटलेली परंपरा, कारण एकाने केलेले पाहून दुसरा करतो आणि दुसऱ्याचे पाहून तिसरा. गेरीच्या वाट्याचा दोष मृदु की मध्य याविषयी मतभेद होऊ शकेल. पण त्या सहीनंतर ज्यांनी ज्यांनी जाणूनबुजून अशाच रेषा ओढल्या, त्यांच्या पापाचा भार त्याच्या नावावर टाकून मोकळे होणे, हे नवे पाप आहे आणि ते आपले आहे.

इंग्रजीत हा शब्द नुसते नाम राहिला नाही. तो क्रियापदही झाला, आणि क्रियापदाला प्रत्येक वाक्यात स्वतंत्र कर्ता लागतो. व्याकरणातील कर्ता आणि धर्मशास्त्रातील कर्ता यांना आपल्या भाषेने एकच नाव दिले आहे, ते सार्थ आहे. कोणत्याही देशात, कोणत्याही काळी, मतदारसंघाची रेषा मतदाराला हरविण्यासाठी वाकविली जाते तेव्हा त्या क्रियापदाचा कर्ता गेरी नसतो. ती रेषा ओढणारा कर्ता असतो, ओढविणारा कर्ता असतो, आणि आपल्या पक्षाला लाभ होतो म्हणून जो नागरिक तिच्याकडे पाहून गप्प बसतो, तो अनुमोदनाच्या नात्याने तितकाच कर्ता असतो. गेरीने आपल्या सहीची शिक्षा भोगली आहे, आणि भोगून झालेली शिक्षा पुन्हा देणे धर्मास धरून नाही. शब्द आपण ठेवावा, परंतु त्याच्याकडे मृताची निंदा म्हणून पाहू नये. सही मागणारा कागद समोर आला असता, मन नको म्हणत असेल तर हातालाही नको म्हणावयास लावणे, एवढा एक धडा त्या शब्दाने शिकविला तर तो सार्थकी लागला असे मी समजेन.